साठी, बुद्धी आणि तीसपैकी बावीस गुण

पीएचडीच्या प्रवेशासाठी तयारी करणाऱ्यांच्या आराखड्यांत सध्या एक शीर्षक फार दिसतं. ‘अमुक तालुक्यातील ज्येष्ठ नागरिकांमधील सौम्य बोधनिक कमजोरी व तिचे जोखीम घटक : एक अभ्यास’. अमुकच्या जागी कधी कराड असतं, कधी तासगाव, कधी आमचं कडेगाव. विषय गरजेचा आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. पण पहिल्या पानावर जगातल्या रुग्णांचा आकडा, दुसऱ्यावर व्याख्या आणि तिसऱ्यावर थेट प्रश्नावली, असा आराखडा पाहिला की मला धडकी भरते. कारण या शीर्षकात दोन शब्दप्रयोग असे आहेत की ते कुठून आले, कोणी कशासाठी घडवले, हे माहीत नसेल तर गावातल्या एखाद्या धडधाकट आजीला आपण ‘कमजोर’ ठरवून मोकळे होऊ. आणि जिला खरोखर मदत हवी आहे ती आपल्या हातून निसटेल.

ते दोन शब्दप्रयोग म्हणजे ‘माइल्ड कॉग्निटिव्ह इम्पेअरमेंट’, यापुढे नुसतं एमसीआय म्हणू, आणि ‘रिस्क फॅक्टर’, म्हणजे जोखीम घटक. दोन्ही वयाने तसे लहान आहेत. गावातली आजी दोघांपेक्षा मोठी.

म्हातारपणी विसर पडतो हे काही विज्ञानाने सांगावं लागलं नाही. ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आपल्याकडे आहेच. हिंदी पट्ट्यात ‘सठियाना’ असं क्रियापदच आहे. लॉरेन्स कोहेन या मानववंशशास्त्रज्ञाने बनारसमध्ये राहून या शब्दाचा माग काढला आणि १९९८ साली ‘नो एजिंग इन इंडिया’ नावाचं पुस्तक लिहिलं. त्याला दिसलं ते असं की म्हातारं माणूस बिघडलं की लोक त्याच्या मेंदूकडे बघत नाहीत, घराकडे बघतात. मुलं नीट सांभाळत नसतील, सुना दुर्लक्ष करत असतील, असं गृहीत धरतात. गोव्यात विक्रम पटेल आणि मार्टिन प्रिन्स यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातही साधारण हेच आलं. डिमेन्शियाची लक्षणं सांगितली की लोकांना ती ओळखू यायची, पण तो आजार आहे असं कोणी म्हणत नव्हतं. एक तर ते म्हातारपण, नाही तर घरच्यांची हयगय.

म्हणजे तुम्ही वही घेऊन दारात उभे राहता तेव्हा सून आधीच सावध झालेली असते. ‘तुमच्या सासूबाई विसरतात का हो?’ हा प्रश्न तिला ‘तुम्ही त्यांना नीट बघत नाही का?’ असा ऐकू येतो. उत्तर काय येणार? ‘नाही हो, आमच्या आत्या एकदम चांगल्या आहेत.’

आता पाश्चात्त्य वैद्यकाकडे वळू. १९०६ मध्ये आलोइस अल्झायमरने आपल्या रुग्णबाईच्या मेंदूचं वर्णन केलं ही गोष्ट प्रत्येक पाठ्यपुस्तकात आहे, ती सोडून देते. आपल्याला हवा आहे मधला टप्पा. आजारही नाही आणि पूर्ण ठणठणीतही नाही, असा. तो पहिल्यांदा नीट मांडला व्ही. ए. क्राल यांनी, १९६२ साली. हे मूळचे प्रागचे मनोविकारतज्ज्ञ, नाझींच्या टेरेझिनच्या छावणीतून वाचलेले, पुढे कॅनडात मॉन्ट्रियलला स्थायिक झालेले. वृद्धाश्रमातल्या माणसांचं निरीक्षण करताना त्यांना विसरण्याच्या दोन तऱ्हा दिसल्या. एका तऱ्हेत माणूस लग्नाला गेल्याचं विसरत नाही, पण नवरीच्या बापाचं नाव त्याला आठवत नाही. दुसऱ्या दिवशी ते आपसूक आठवतं, आणि आपण विसरतो हे त्याला ठाऊक असतं. दुसऱ्या तऱ्हेत लग्नाला गेलो होतो हेच पुसलं जातं आणि पुसलं गेलंय याचाही पत्ता नसतो. उदाहरण माझं आहे, भेद त्यांचा. पहिल्या तऱ्हेला त्यांनी सौम्य आणि निरुपद्रवी म्हटलं, दुसरीला घातक.

क्रालने मोजपट्टी वापरली नव्हती, डोळे वापरले होते. पुढच्या पिढीला मोजपट्टी हवी होती. १९८६ मध्ये अमेरिकेत ‘वयानुरूप स्मृतिक्षीणता’ अशी एक व्याख्या आली, तीत पन्नाशीपुढच्या माणसाची तुलना तरुणांशी करायची होती. साहजिकच अर्धं गाव त्यात बसायला लागलं. सत्तरीच्या माणसाला विशीच्या पोरासोबत शर्यतीत उतरवून तो मागे पडला म्हणून आजारी ठरवणं म्हणजे काय, हे सांगायला संशोधक असावं लागत नाही. ती व्याख्या मागे पडली. १९८२ मध्ये न्यूयॉर्कच्या बॅरी रीसबर्ग यांनी ऱ्हासाच्या सात पायऱ्या मांडल्या होत्या. त्यातल्या तिसऱ्या पायरीला त्यांच्या गटाने त्या दशकाच्या शेवटी एमसीआय हे नाव वापरायला सुरुवात केली.

पण नाव गाजलं ते १९९९ मध्ये, रोनाल्ड पीटरसन यांच्या निबंधामुळे. मिनेसोटा राज्यातलं रोचेस्टर, तिथलं मेयो क्लिनिक. एमसीआय असलेली ७६ माणसं, २३४ निरोगी माणसं आणि सौम्य अल्झायमर असलेले १०६ रुग्ण अशी तुलना होती. निकष साधे होते. माणसाची स्वतःची स्मरणाबद्दल तक्रार हवी, वयाच्या मानाने स्मरण खरोखर कमी हवं, बाकी बुद्धी शाबूत हवी, रोजचे व्यवहार नीट चालू हवेत आणि डिमेन्शिया नको. यातल्या बऱ्याच माणसांना पुढे अल्झायमर झाला. वर्षाला शेकडा दहा ते पंधरा हा आकडा तेव्हापासून प्रत्येक प्रस्तावनेत फिरतो आहे.

इथे जरा थांबा. हा आकडा क्लिनिकमधला आहे. जो माणूस विसरतो म्हणून स्वतः किंवा घरच्यांच्या आग्रहाने डॉक्टरकडे पोचला, त्याचा. घरोघर जाऊन शोधलं तर काय दिसतं? पेनसिल्व्हेनियातल्या मोनोंगहेला खोऱ्यात, जुन्या पोलाद कारखान्यांच्या भागात, मेरी गांगुली यांनी हेच केलं. २००४ मध्ये त्यांनी दाखवलं की वस्तीत सापडलेल्या एमसीआयवाल्यांपैकी बरेच जण पुढच्या फेरीत पुन्हा नॉर्मल निघतात. कोणाला त्या वेळी ताप होता, कोणी उदास होतं, कोणाच्या गोळ्या बदलल्या होत्या, कोणाचा नुसता दिवस वाईट होता. तुमच्या आराखड्यात एकाच भेटीत निदान करायचं ठरलं असेल तर हा निबंध शोधून वाचाच.

२००३ मध्ये स्टॉकहोमला तज्ज्ञ जमले आणि पुढच्या वर्षी एमसीआयची व्याख्या रुंद झाली. स्मरणाचा आणि बिगर-स्मरणाचा, एका क्षमतेचा आणि अनेक क्षमतांचा, असे प्रकार पडले. २०११ मध्ये आणखी निकष आले, २०१३ मध्ये डीएसएम-५ ने स्वतःचं वेगळं नाव दिलं. ही यादी पाठ करू नका. एवढंच ध्यानात ठेवा की दोन अभ्यासांतले आकडे वेगळे दिसले तर आधी त्यांनी कोणती व्याख्या घेतली ते बघायचं, मग माणसांकडे वळायचं.

जोखीम घटक या शब्दाची गोष्ट वेगळ्या गावात घडली. मॅसॅच्युसेट्समधलं फ्रॅमिंगहॅम. १९४८ पासून तिथल्या ५,२०९ स्त्रीपुरुषांवर हृदयविकारासाठी नजर ठेवली गेली आणि १९६१ च्या निबंधाच्या शीर्षकात ‘जोखमीचे घटक’ असा शब्दप्रयोग आला. त्याआधी वैद्यक कारण शोधत असे, जसा क्षयाचा जंतू. फ्रॅमिंगहॅमने सांगितलं की एकच कारण नसेल, पण वाढलेला रक्तदाब असलेल्या शंभर जणांत आणि नसलेल्या शंभर जणांत फरक पडतो. म्हणजे जोखीम घटक हे गटाबद्दलचं विधान आहे. आपल्याकडे ते लगेच माणसाच्या कपाळावर चिकटवलं जातं.

डिमेन्शियासाठी ‘लॅन्सेट’च्या आयोगाने २०१७ मध्ये असे ९ बदलता येण्याजोगे घटक सांगितले, २०२० मध्ये १२, २०२४ मध्ये १४. कमी शिक्षण, बहिरेपणा, रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, नैराश्य, एकटेपणा, हवेचं प्रदूषण वगैरे; शेवटच्या फेरीत कमी दिसणं आणि वाईट कोलेस्टेरॉल यांची भर पडली. टाळता येण्याजोगा वाटा ३५ वरून ४० आणि मग ४५ टक्क्यांवर गेला. ही यादी डिमेन्शियाची आहे, एमसीआयची नव्हे. आराखड्यांत ती सर्रास उचलून एमसीआयला लावलेली असते. आणि ४५ टक्के म्हणजे ‘हे सगळं सांभाळलं तर तुमचा धोका निम्मा’ असंही नाही. सगळ्या जगातून ते घटक पूर्ण नाहीसे झाले, आणि ते खरोखर कारणंच आहेत असं धरलं, तर एकूण रुग्णांत किती घट होईल याचा तो अंदाज आहे. दोन ‘तर’ आहेत त्यात, दोन्ही मोठे.

यादीत सुरुवातीलाच शिक्षण आहे. आपल्या भागासाठी खरी गोम इथेच आहे.

बोधनक्षमता मोजायला जगभर वापरली जाते ती एमएमएसई चाचणी. १९७५ मध्ये फोल्स्टीन दांपत्याने मॅकह्यू यांच्यासह ती तयार केली, एकूण ३० गुण. आज तारीख काय, १०० मधून ७ वजा करत जा, कागदावर लिहिलेली सूचना वाचून तसं करा, एक वाक्य लिहा, एकमेकांत अडकलेले दोन पंचकोन काढा. २३ किंवा त्याखाली गुण आले की शंका घ्यायची असा प्रघात पडला. १९९३ मध्ये क्रम आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या १८,०५६ प्रौढांचे गुण तपासले. नऊ किंवा जास्त वर्षं शाळा शिकलेल्यांचा मध्यांक २९ आला. पाच ते आठ वर्षं शिकलेल्यांचा २६. आणि शून्य ते चार वर्षं शिकलेल्यांचा २२.

बावीस! म्हणजे चौथीपर्यंतही न पोचलेल्या गटातली निम्म्याहून जास्त माणसं प्रघाताप्रमाणे ‘संशयित’. ती आजारी होती म्हणून नाही, शाळेत गेली नव्हती म्हणून. पेन्सिल हातात न धरलेल्या माणसाला पंचकोन काढायला सांगून आपण त्याचा मेंदू मोजतोय की त्याच्या गावात शाळा कधी आली ते?

कडेगावचा विचार करा. आज पंचाहत्तरी ओलांडलेली बाई १९५० च्या आगेमागे जन्मली. १९५१ च्या जनगणनेत देशातल्या बायकांची साक्षरता शंभरात नऊच्याही आत होती. या भागात शाळेची हवा नव्हती असं नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था स्थापन केली ती कराडजवळच्या काले गावात, कडेगावपासून फार लांब नाही. मुंबई प्राथमिक शिक्षण कायदा १९४७ चा. दक्षिण सातारा जिल्हा १९४९ मध्ये वेगळा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली नाव मिळालं, तोवर मोठ्या गावांत शाळा आल्या होत्या. पण आल्या त्या पोरांसाठी. पोरगी धाकट्या भावंडाला काखेत घेऊन शाळेच्या दाराशी उभी राहिली तर राहिली. म्हणून ‘कमी शिक्षण’ हा घटक तुमच्या तक्त्यात येईल तेव्हा त्याच्या आत बाईपण, जात, जमीन आणि वाडीपासून शाळेचं अंतर हे सगळं भरलेलं असेल.

आणखी एक. शेजारच्या सातारा जिल्ह्यात १९५९ मध्ये ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली आणि पुढे राज्यभर पसरली. प्रौढ माणसं रात्री कंदिलाच्या उजेडात अक्षरं गिरवू लागली. कोणी पोथी वाचण्यापुरतं शिकलं, कोणी सही करण्यापुरतं. ‘शाळेत किती वर्षं?’ या रकान्यात दोघांचंही शून्य. पण एक आजी गेली पन्नास वर्षं पारायणाला बसते आणि दुसरीने सहीपलीकडे अक्षर पाहिलेलं नाही. या दोन शून्यांत फरक करायचा असेल तर रकाना बदलावा लागेल.

हे आपल्या आधी ज्यांना उमगलं त्यांनी काय केलं ते बघा. हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांत १९९० च्या दशकात भारत आणि अमेरिका यांचा मिळून एक अभ्यास झाला. मेरी गांगुली, विजय चंद्रा आणि त्यांचे सहकारी. तुलनेला दुसरं टोक कोणतं, तर तेच मोनोंगहेला खोरं. पंचावन्न वर्षांवरची ५,१२६ माणसं, त्यातली ७३.३ टक्के निरक्षर. एमएमएसईचा नुसता अनुवाद करून भागणार नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं. म्हणून १९९५ मध्ये हिंदी रूप आलं, त्यात वाचून डोळे मिटण्याऐवजी ‘मी करतो तसं करा’ असं झालं, वाक्य लिहिण्याऐवजी घराबद्दल एक वाक्य सांगायचं झालं. रोजच्या व्यवहारांसाठीही वेगळी प्रश्नावली झाली. बँकेचा हिशोब, फोन लावणं हे सगळं बाजूला. सण लक्षात राहतात का, घरातल्या लग्नकार्यासारख्या गोष्टीत मत देतात का, असे प्रश्न आले.

हे शेवटचं मला फार शहाणपणाचं वाटतं. एमसीआयच्या व्याख्येत ‘रोजचे व्यवहार शाबूत’ अशी अट आहे. आपल्या घरात आण्णांना साठीनंतर कोणी व्यवहार करूच देत नाही. पिशवी नातू उचलतो, सोसायटीचं कर्ज मुलगा बघतो. व्यवहार शाबूत आहेत की नाहीत हे कळणार कसं? ते वापरातच नाहीत. पण पोरीच्या सोयरिकीला आण्णा काय बोलतात, दोन वर्षांपूर्वी बोलायचे तसंच मुद्द्याचं बोलतात का, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असतं.

तारखेचंही तसंच. ‘आज तारीख किती?’ विचारल्यावर आजी म्हणाली, ‘तारखेचं काय मला कळत नाय बाळा, पण परवा एकादस हाय,’ आणि एकादशी खरोखर परवा असेल, तर तिला शून्य द्यायचा की पूर्ण गुण? माझं मत पूर्ण गुणांचं. मात्र हे सर्वेक्षण सुरू करण्याआधी ठरवा आणि लिहून ठेवा, दारात उभं राहून ठरवू नका. उलट बाजूही आहे. आजोबांना हरिपाठ तोंडपाठ आहे म्हणून स्मरण उत्तम, असं समजू नका. लहानपणी पाठ झालेलं फार उशिरा जातं. आजार आधी खातो तो नव्याने शिकलेलं. म्हणून तर दहा शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारतात.

बल्लभगडचा निष्कर्ष चक्रावणारा होता. १९९८ च्या निबंधात ६५ वर्षांवरच्यांत अल्झायमरचं प्रमाण १.०७ टक्के. पाश्चात्त्य देशांच्या मानाने फारच कमी. आणि साक्षरतेशी त्याचा संबंध सापडला नाही! त्याआधी शांघायमध्ये ५,०५५ वृद्धांच्या पाहणीत (निबंध १९९०) न शिकलेल्यांत डिमेन्शिया जास्त दिसला होता. रॉबर्ट कॅट्झमन यांनी १९८८ मध्ये शुश्रूषागृहात वारलेल्या १३७ जणांच्या मेंदूंच्या तपासणीत काही असे मेंदू दाखवले की आत अल्झायमरच्या खुणा भरपूर, पण माणूस शेवटपर्यंत ठीक. त्यातून ‘राखीव साठ्या’ची कल्पना आली. शिक्षण आजार थांबवत नाही, पण झीज सोसायची ताकद वाढवतं, अशी. विहिरीत पाणी जास्त असेल तर दुष्काळ उशिरा जाणवतो, तसं. मग बल्लभगडला हा फरक का दिसला नाही? चाचणीतला शाळेचा पक्षपात काढून टाकल्यामुळे? की तिथे आजार झालेली माणसं लवकर जात होती, म्हणून पाहणीच्या दिवशी मोजायला उरलीच नाहीत? मला दुसरी शक्यता जास्त वजनदार वाटते, पण दोन्ही खऱ्या असू शकतात.

मुंबईतही वास आणि सहकाऱ्यांच्या २००१ च्या निबंधात ६५ वर्षांवरच्यांत डिमेन्शिया २.४४ टक्के निघाला होता. २०२३ मध्ये लासी-डॅड या देशव्यापी अभ्यासाने ४,०९६ जणांच्या सविस्तर तपासणीवरून साठीपुढच्यांत ७.४ टक्के, म्हणजे देशात ८८ लाख, असा अंदाज दिला. बायकांत आणि खेड्यांत जास्त. पंचवीस वर्षांत आजार इतका वाढला का? लोक जास्त जगू लागले हे खरं. पण वयाची रेषा बदलली, चाचण्या बदलल्या, निदानाची रीत बदलली हेही तितकंच खरं. हे दोन आकडे एका आलेखावर शेजारी ठेवून ‘वाढता धोका’ लिहू नका, एवढी विनंती.

खास एमसीआयवरचा आपल्या देशातला चांगला जुना अभ्यास कोलकात्याचा आहे, दास आणि सहकारी, २००७. पन्नाशीपुढच्यांत १४.८९ टक्के. स्मरणाचा प्रकार पुरुषांत जास्त, अनेक क्षमतांचा प्रकार बायकांत जास्त, आणि दोन्हींमागे उच्च रक्तदाब व मधुमेह ठळक. हा धागा आपल्याकडे नक्की लावून बघण्यासारखा आहे. कालव्याचं पाणी आलं, ऊस आला, चालणं कमी झालं, दुचाकी दारात आली. ताकारी-टेंभूच्या पाण्याने शेत बदललं तसं शरीरही बदललं असणार, ते कोणीतरी मोजायला हवं.

दुसरा धागा पुण्याचा. याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये पुणे परिसरातल्या ग्रामीण, झोपडवस्तीतल्या आणि शहरी मध्यमवर्गातल्या ४४१ मध्यमवयीन पुरुषांत ब-१२ जीवनसत्त्व मोजलं. ६७ टक्क्यांत ते कमी होतं. इकडे ऑक्सफर्डमध्ये २०१० साली, एमसीआय असलेल्या सत्तरीपुढच्या १६८ जणांच्या चाचणीत ब गटातली जीवनसत्त्वं घेणाऱ्यांचा मेंदू दोन वर्षांत सुमारे ३० टक्के कमी वेगाने आकसला, आणि ज्यांचं होमोसिस्टीन जास्त होतं त्यांना फायदा जास्त झाला. यावरून ‘ब-१२ ची गोळी खा, विसरणं थांबेल’ असं होत नाही. पण माळकरी घर, आयुष्यभर शाकाहार, दूध डेअरीला आणि घरात कोरा चहा, अशी माणसं कडेगाव तालुक्यात शोधावी लागत नाहीत. रक्ताची एक चाचणी तुमच्या आराखड्यात बसत असेल तर मी तरी हीच निवडेन.

तयार प्रश्नावली गावात नेली की काय काय निसटतं, ते आता थोडं सांगते. ‘धूम्रपान करता का?’ आजी म्हणते, ‘छे!’ आणि मिश्रीची डबी पदराआड सारते. तंबाखू भाजून दात घासणं हे धूम्रपान नाही, म्हणून रकान्यात ‘नाही’. चुलीपुढे काढलेली चाळीस वर्षं ‘हवेचं प्रदूषण’ या रकान्यात जात नाहीत, कारण तिथे कारखान्यापासूनचं अंतर विचारलेलं असतं. बहिरेपणा विचारून कळत नाही. कमी ऐकू येतं म्हणून सांगितलेले शब्द परत म्हणता आले नाहीत तर ती नोंद ‘स्मरण कमी’ अशी होते. आधी कान तपासा, चष्मा लावायला सांगा, मग चाचणी.

आणि वय. सगळ्यांत मोठा जोखीम घटक वयच, त्यात दुमत नाही. पण आधार कार्डावर जन्मतारीख बघाल तर अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून! शाळेत नाव घालताना गुरुजींनी लावलेली ती तारीख. जे शाळेतच गेले नाहीत त्यांचं वय कोणीतरी अंदाजाने टाकलेलं. पाच-सात वर्षांचा फरक सहज असतो, आणि सत्तर की सत्त्याहत्तर यावर ‘वयाच्या मानाने कमी’ हा सगळा निर्णय उभा असतो. यावर जुना उपाय म्हणजे घटनांची दिनदर्शिका. पत्री सरकारच्या वेळी तुम्ही केवढे होता? गांधीजी गेले आणि जळितं झाली, तेव्हाचं काही आठवतं? कोयनेचा भूकंप झाला, म्हणजे डिसेंबर १९६७, तेव्हा लग्न झालं होतं का, पहिलं मूल कडेवर होतं का? ७२ च्या दुष्काळात खडी फोडायला गेलात तेव्हा पोरं किती मोठी होती? अर्धा तास जातो, पण वय बऱ्यापैकी पक्कं होतं. शिवाय माणूस खुलतं, आणि जुनी क्रमवारी कशी लागते तेही तुम्हाला ऐकायला मिळतं.

शेवटी एक विषय सुचवते, कोणी घेतला तर आनंदच आहे. खानापूर, आटपाडी, कडेगाव या पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळायच्या धंद्यासाठी देशभर गेली. आपली गलाई मंडळी. कोणी तमिळनाडूत तीस वर्षं, कोणी केरळात, कोणी बंगालमध्ये. सातवी-आठवीतून सुटलेली पोरं तिथे जाऊन अस्खलित तमिळ किंवा मल्याळम बोलायला लागली आणि आता म्हातारपणी गावी परतली आहेत. २०१३ मध्ये सुवर्णा अल्लादी यांनी हैदराबादच्या ६४८ डिमेन्शिया रुग्णांत दाखवलं होतं की दोन भाषा बोलणाऱ्यांत आजार सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता, आणि निरक्षरांतही हा फरक होता. मग गलाईवाले तात्या आणि गावातच राहिलेले त्यांचे भाऊ यांची तुलना केली तर?

मोह होतो ना? पण हैदराबादच्या अभ्यासाचं बळ यात होतं की तिथे दुसरी भाषा स्थलांतरामुळे आलेली नव्हती, गल्लीतच होती. आपल्या तात्यांची भाषा परगावी जाण्यातून आली. परगावी जातो तो मुळात धडपड्या, तब्येतीने बरा. पैसा त्याच्याकडे जास्त, दवाखाना जवळ. दुसऱ्या बाजूला आम्लाची वाफ आणि धातूचा धूर त्याने वर्षानुवर्षं छातीत घेतला. आणि गावी राहिलेल्या भावाची बायको, तिची तर तुलनाच राहून जाते, कारण धंद्यावर बहुतेक पुरुष गेले. हे सगळं वेगळं कसं काढायचं, सख्खे भाऊ घेतले तर किती अडचणी सुटतात, किती जोड्या लागतील, परत न आलेल्यांचं काय करायचं, यावर आराखड्याची पाच पानं नक्की होतील. ती पाच पानं लिहून झाली की मगच प्रश्नावली छापायला टाका.